मोळीचं वजन

महाडच्या ज्या लाकडाच्या वखारीत माझे वडील काट्यावर बसायचे, तिथे लाकूड मोजायच्या दोन रीती होत्या. गिऱ्हाइकाला लाकूड द्यायचं ते तोलून. तुळईला लोखंडी साखळ्यांचा मोठा तराजू टांगलेला होता. एका पारड्यात वजनं, दुसऱ्यात फाटी, आणि काटा स्थिर होईपर्यंत बाबा कुणाशी बोलत नसत. पण डोंगरातून मोळी डोक्यावर घेऊन बाई आली की तिचं लाकूड तराजूला लागत नसे. तिची मोळी नजरेनं घ्यायची. लहान की मोठी, ओली की सुकी, एवढं एकदा बघायचं आणि पैसे हातावर ठेवायचे. पहाटे अंधारात वाडीतून निघालेली ती बाई तोवर सात-आठ मैल चालून आलेली असे. भाव पटला नाही म्हणून तेवढं ओझं परत डोंगरात कोण नेणार?

माझा जन्म १९५७चा. १९६२पासून मेट्रिक वजनं कायद्यानं सक्तीची झाली, वखारीतही किलोची वजनं आली, पण बोलण्यातला मण काही गेला नाही. चाळीस शेरांचा मण, म्हणजे सदतीस किलोंच्या थोडं वर. पावसाळ्याआधी, आगोटीच्या दिवसांत, घराघरांतून सांगावे यायचे, 'दहा मण ऐन टाका, पाच मण किंजळ टाका.' ऐन सगळ्यांना हवा असायचा. जड लाकूड, निखारा धरून ठेवणारं. सावरीच्या फाट्याला कुणी विचारत नसे, ती भुरुभुरु जळून जाते आणि भाकरी कच्चीच राहते. कुठलं लाकूड किती वेळ जळतं हे आमच्या आईला जसं ठाऊक होतं, तसं मला पुढे बॉयलरची परीक्षा दिल्यावरही ठाऊक झालं नाही.

कारण मी पुढे बॉयलर अटेंडंट झालो. महाडच्या एमआयडीसीत बत्तीस वर्षं वाफ केली. बाबांनी लाकूड तोललं, मी जाळलं. म्हणून आता 'पेलेट' हा शब्द कानावर आला की लोक माझ्याकडे येतात. लाकडाचा भुसा, भाताचं तूस, शेंगांची टरफलं, गवत असलं काहीही दाबून केलेल्या कांड्या, करंगळीपेक्षा बारीक, दिसायला कोंबडीच्या खाद्यासारख्या. आपल्याकडे याचा कारखाना निघेल का, गावाला पैसा मिळेल का, असं तरुण पोरं विचारतात. मिळेल. पण कुणाला मिळेल, हे सांगायचं तर महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत आजवर काय काय जळलं आणि ते कुणी आणून दिलं, तिथून सुरुवात करावी लागते.

महाड हे बंदर होतं, हे आता महामार्गावरून जाणाऱ्याला पटत नाही. सावित्री महाबळेश्वराहून उतरते, पोलादपूरवरून महाडला येते आणि पुढे बाणकोटला समुद्राला मिळते. भरतीचं पाणी महाडपर्यंत चढायचं आणि त्या पाण्यावर पडाव, मचवे यायचे. मोठी गलबतं खाली दासगावला थांबायची. घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून उतरायचा, मीठ आणि मासळी वर जायची, आणि मुंबई वाढायला लागली तशी लाकूड आणि कोळसा खाडीनं बाहेर जाऊ लागला. ठाणे आणि कुलाबा हे दोन जिल्हे म्हणजे मुंबईच्या चुलीचं कोठार. कुलाब्याचं नाव रायगड झालं १९८१ साली, त्याच्या कितीतरी आधी त्याच्या डोंगरांचा रंग बदलून गेला होता.

त्याच्याही आधीची एक गोष्ट मला फार आवडते. रायगड किल्ला आमच्याच महाड तालुक्यात. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडांच्या व्यवस्थेचा भाग आहे. गडावर केर-कचरा साचू देऊ नये, तो जाळावा आणि त्याची राख परसात टाकून घरोघर भाजीपाला करावा, असं त्यात सांगितलं आहे. त्याच ग्रंथात आरमारासाठी झाडं तोडण्याबद्दलही लिहिलं आहे. आंबा, फणस ही झाडं रयतेनं पोटच्या पोरासारखी वाढवलेली असतात, ती बळानं तोडू नयेत, जुनं झालेलं एखादं झाड हवं असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन न्यावं. झाडाचं मोल ज्यानं वाढवलं त्याच्या हातात द्यावं, हे तीनशे वर्षांपूर्वी आपल्याच राज्यात लिहून ठेवलेलं आहे. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वखारीतला तराजू आठवला.

माझी आजी पोलादपूर तालुक्यातली, उमरठच्या बाजूची. तिच्याकडे आम्ही शिमग्याला जायचो तेव्हा भाजावळीचे दिवस असायचे. शहरातल्या वाचकासाठी हे नीट सांगायला हवं, कारण जळणाचा आमचा सगळा इतिहास या एका कामाभोवती फिरतो. भाताचं रोप ज्या तुकड्यात करायचं ती दाढ. तिच्यावर आधी शेणाचा थर, मग झाडाची छाटलेली पानांसकट डहाळी, जिला आम्ही कवळ म्हणतो, मग वाळलेलं गवत आणि पातेरा, आणि वरून बारीक माती, ज्वाळा उडू नयेत म्हणून. वाऱ्याच्या उलट्या अंगानं पेटवायचं. आग वाऱ्याबरोबर धावता कामा नये, ती मागे मागे सरकत, धुमसत गेली पाहिजे. माती भाजते, तण आणि किडे मरतात, राख खत होते. हाच राब. राब केलेल्या दाढीतलं रोप हिरवंकाळं उठतं आणि न केलेल्यातलं पिवळं राहतं, हे आजी बोट दाखवून सांगायची.

कवळ हवी म्हणजे झाडाच्या फांद्या हव्यात, आणि चुलीलाही झाडच हवं. १८७८चा जंगल कायदा आला, राखीव जंगलांच्या हद्दी आखल्या गेल्या आणि या दोन्ही गोष्टी एकदम गुन्ह्याच्या जवळ जाऊन बसल्या. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत एवढा असंतोष झाला की १८८५ साली मुंबई सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ साली निघाला. राबासाठी फांदी तोडायचा हक्क शेतकऱ्याला आहे की नाही, हा त्या चौकशीतला एक मोठा प्रश्न होता. साहेबांना तो शेतीचा मागासलेपणा वाटायचा आणि शेतकऱ्याला तो भाताचा प्राण वाटायचा. पुढे १९३०च्या २५ सप्टेंबरला याच जिल्ह्यात, उरणजवळ चिरनेरला, जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला आणि माणसं मेली. लाकूडफाटा ही किरकोळ बाब आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी चिरनेरचं हुतात्मा स्मारक एकदा बघून यावं.

आजीला यातलं काही माहीत नव्हतं. तिला एकच शब्द ठाऊक होता, 'फारेस्ट'. फारेस्ट म्हणजे जंगल नाही, फारेस्ट म्हणजे खाकी कपड्यातला माणूस. तो दिसला की बायका मोळी झुडपात टाकून वाट बदलायच्या. हिरवी फांदी दिसली तर दंड, म्हणून सुकं शोधायचं, आणि सुकं शोधत दरवर्षी थोडं आणखी वर जायचं. माझ्या आईच्या लहानपणी घरामागच्या दांडावर जळण मिळत होतं. माझ्या लहानपणी त्याला अर्धा दिवस लागत होता.

आणि ज्यांच्याकडे दाढही नव्हती, दांडही नव्हता, ते कातकरी. खैराच्या गाभ्यापासून कात काढणारे म्हणून कातकरी, अशी त्यांच्या नावाची ओळख सांगतात. जंगल बंद झालं तसा तो धंदा गेला आणि हातात राहिला कोळसा, तोही दुसऱ्याचा.

कोळशाची भट्टी मी आठ-नऊ वर्षांचा असताना पाहिली, पोलादपूरच्या पुढे एका खोंडीत. बाबा मालकाबरोबर माल बघायला गेले होते, मी हट्टानं बरोबर गेलो. लाकडाचे हात-दीड हात लांबीचे तुकडे उभे रचून मधे धुराड्यासारखी पोकळी ठेवली होती. त्यावर ओल्या पाल्याचा थर, त्यावर मातीचा लेप. लांबून बघणाऱ्याला मोठं वारूळ वाटावं. वरून विस्तव टाकून तोंड बंद केलं होतं, आणि बुडाशी बोटभर भोकं होती, तेवढाच तिचा श्वास. धूर सुरुवातीला पांढराशुभ्र आणि ओला होता, डोळ्यांत भरून राहणारा. तो लाकडातल्या पाण्याचा धूर. तो निळसर आणि पातळ झाला की समजायचं, आत कोळसा होतोय. एक म्हातारा कातकरी त्या वारुळावर अनवाणी चढून काठीनं माती चाचपत होता. कुठे माती खचली की आत हवा शिरते आणि सगळा माल रात्रीत राख होतो. त्याला ते 'भट्टी फुटली' म्हणत. म्हणून आठवडाभर कुणीतरी जागं राहायचं, थंडीत, त्याच धुरात, बाजूच्या पाल्याच्या खोपीत पोरंबाळं झोपलेली.

चार-पाच किलो लाकडातून जेमतेम किलोभर कोळसा हाती येतो. बाकीचं सगळं हवेत. तो किलोभर कोळसा पुण्या-मुंबईच्या इस्त्रीवाल्याला, सोनाराला, हॉटेलच्या भट्टीला जायचा. आणि भट्टीवरच्या माणसाला काय मिळायचं? श्रावण-भाद्रपदात घरात दाणा नसतो, तेव्हा ठेकेदाराची उचल यायची. दिवाळीनंतर ट्रक वाडीवर यायचा आणि कुटुंबच्या कुटुंब भरून न्यायचा. मृगाच्या तोंडावर हिशेब. किती पोती झाली हे ठेकेदार सांगणार, उचल किती उरली हेही तोच सांगणार. ती बहुधा उरायचीच, आणि पुढच्या वर्षीचा ट्रक त्याच उरलेल्या उचलीवर यायचा. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ साली झाला. सर्वहारा जन आंदोलनासारख्या संघटनांनी रायगडात या भट्ट्यांवरून माणसं सोडवली, त्यासाठी त्यांना मोर्चे काढावे लागले, ते कायद्यानंतर कितीतरी वर्षांनी. आजही दिवाळी झाली की आमच्याकडच्या काही वाड्या ओस पडतात. आता बहुतेक भट्ट्या घाटावर, परजिल्ह्यांत आणि परराज्यांत लागतात, वेड्या बाभळीच्या, पण ट्रक तसाच येतो.

बाबा युद्धाच्या काळातली एक आठवण सांगायचे. पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारींच्या मागे लोखंडी पिंप बसवलं होतं. त्यात कोळसा पेटवायचा, हवा बेताची द्यायची आणि त्यातून निघणाऱ्या गॅसवर इंजिन चालवायचं. घाटाची चढण आली की माणसं खाली उतरून मागून चालायची, बाया-माणसं तेवढी आत. मला लहानपणी हे ऐकून नुसती मजा वाटायची. पुढे कळलं की आजच्या पेलेटच्या शेगडीचं तत्त्व तेच आहे. जळणाला खालून थोडीच हवा द्यायची, त्याचा गॅस करायचा आणि तो गॅस वरच्या हवेत स्वच्छ जाळायचा.

पण दाबलेला भुसा आमच्या घरात पेलेटच्याही आधी होता. आईची भुशाची शेगडी.

ती मी इतक्या वेळा भरली आहे की आजही डोळे मिटून भरेन. पत्र्याचा उभा डबा, बुडाशी एका बाजूला भोक. मधोमध एक सोडा-वॉटरची बाटली उभी धरायची आणि बाजूच्या भोकातून एक दंडुका आत सरकवून बाटलीच्या बुडाला टेकवायचा. मग सॉ मिलमधून पोत्यानं आणलेला भुसा ओंजळीनं टाकायचा आणि मुठीनं ठोकत जायचं. एक थर, ठोक. दुसरा थर, ठोक. सागाचा भुसा असेल तर हाताला तेलकट वास राहायचा. काठोकाठ भरला की बाटली गोल गोल फिरवत अलगद वर काढायची, दंडुकाही काढायचा. मधे गुळगुळीत नळी उरते. खालून रॉकेलची चिंधी पेटवून सारली की आग नळीच्या भिंतीला धरते आणि आतून बाहेर, गोल गोल, दोन-तीन तास जळत जाते. भुसा सैल राहिला तर ढासळून धूर करतो, फार ठोकला तर विझतो. बेताचं ठोकायचं हे आईनं माझा हात धरून शिकवलं. त्या शेगडीवर डाळ शिजायची, मग आंघोळीचं पाणी, मग दुपारचा चहा.

आमच्या हवेत घरं तापवावी लागत नाहीत. आमच्याकडे 'तापवणं' म्हणजे पाणी. तांब्याचा बंब, त्याच्या पोटातल्या नळीत ढलप्या, करवंट्या, शेणी, जे हाती लागेल ते. दिवाळीच्या पहाटे आळीतल्या प्रत्येक बंबातून वेगळ्या लाकडाचा धूर यायचा. युरोपात पेलेटचा बराच खप आहे तो घर तापवण्यासाठी. १९७३ साली खनिज तेल महागलं, तेव्हापासून स्वीडन आणि अमेरिकेतल्या लाकूड गिरण्या भुशाचं काय करायचं याच्या मागे लागल्या, आणि त्यातून ही कांडी घराघरांत गेली. तिथे भुसा कारखान्याचा. आमच्याकडे तो आईच्या पोत्यातला होता, एवढाच फरक.

वखार १९८०च्या आसपास थंडावली. गॅस आला, रॉकेल आलं, आणि मोळ्या येणं वनखात्यानं कमी केलं. बंद झाली तेव्हा मालकांनी बाबांना तराजू दिला. पगाराची थोडी बाकी होती, तिच्यात तो धरला.

त्याच सुमारास नदीच्या वरच्या अंगाला, बिरवाडीकडे, औद्योगिक वसाहत उभी राहत होती. रासायनिक कारखाने, आणि रसायनाला वाफ लागते. मी लागलो तेव्हा बॉयलर फर्नेस ऑइलवर होता. डांबरासारखं तेल, आधी तापवल्याशिवाय वाहायचं नाही. साडेदहा किलोच्या दाबाची वाफ, काचेच्या नळीतली पाण्याची पातळी आणि माझी वही, एवढंच माझं जग. २००८ साली कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरपर्यंत गेलं. त्या वर्षी बॉयलरला नवी भट्टी जोडली गेली आणि अंगणात पहिला ट्रक आला तो 'पांढऱ्या कोळशा'चा. नाव पांढरा, रंग बिस्किटासारखा. मनगटाएवढ्या जाड कांड्या, शेंगांच्या टरफलांच्या आणि भुशाच्या. मी एक हातात घेऊन नाकाला लावली. आमच्या स्वयंपाकघराचा वास आला. आई जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.

त्या कांड्यांनी मला बरंच शिकवलं. एक किलो फर्नेस ऑइलमध्ये सुमारे दहा हजार किलोकॅलरी उष्णता असते, या कांडीत साडेतीन-चार हजार. म्हणजे अडीच-तीन पट माल, तेवढी जास्त हमाली, आणि राख तर कितीतरी जास्त. तूस मिसळलेला माल आला की जाळीवर खंगर जमायचे, कारण भाताच्या तुसात वाळूचाच अंश असतो, त्याची पाचव्या हिश्शाएवढी राख उरते. आणि पावसाळा. महाडला वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. ताडपत्रीच्या एका भोकातून गळलेलं पाणी रात्रीत शंभर कांड्यांचा पुन्हा भुसा करतं.

पेलेट ही याच कांडीची धाकटी बहीण. सहा ते आठ मिलिमीटर जाडीची. भुसा आधी वाळवायचा, ओल दहा टक्क्यांच्या आत आणायची, मग पोलादी साच्याच्या भोकांतून प्रचंड दाबानं ढकलायचा. घर्षणानं तो तापतो, लाकडाच्या अंगातला लिग्निन मऊ होतो आणि थंड होताना तोच गोंदाचं काम करतो. बाहेरचा डिंक लागत नाही. सारं महत्त्व त्या दहा टक्क्यांचं. नुकत्या तोडलेल्या लाकडाचं जवळजवळ अर्धं वजन पाणी असतं. वखारीत 'मोळी ओली आहे' म्हणून बाईचे पैसे कापले जात, तेव्हा ते पाणी तिनंच डोक्यावरून सात मैल वाहून आणलेलं असायचं.

या कांडीवरची घरगुती शेगडी महाराष्ट्रात येऊन गेली आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत तिचं तंत्र तयार झालं, बीपी या तेल कंपनीनं ती 'ऊर्जा' नावानं बाजारात आणली आणि पुढे पुण्याच्या फर्स्ट एनर्जी कंपनीनं चालवली. खाली छोटा पंखा, बॅटरीवर चालणारा, वर पेलेटचं भांडं. लाखांनी शेगड्या खपल्या, मुख्यतः घाटावर. सांगलीकडे दिलेल्या माझ्या बहिणीकडे एक होती. तिच्यावर भाकरी करताना तिला खोकला येत नव्हता, हे मी पाहिलं आहे, आणि त्या शेगडीबद्दल मला आदर आहे. पण काही वर्षांत पेलेटचा भाव चढत गेला आणि शेगडी माळ्यावर गेली. कंपनीही पुढे हॉटेलांकडे आणि मोठ्या स्वयंपाकघरांकडे वळली.

भाव का चढला? कारण टरफलं आणि भुसा आता कारखाने उचलत होते. तेलाच्या मानानं त्यांना तो कितीही स्वस्तच पडत होता. म्हणजे माझ्या बहिणीच्या शेगडीतलं जळण माझ्यासारख्यांच्या बॉयलरनं ओढून घेतलं. ज्या दिवशी टाकाऊ वस्तूला भाव येतो, त्या दिवसापासून ती गरिबाची राहत नाही. सॉ मिलमधला भुसा आईला पोत्याला चार आण्यात मिळायचा. आज तो टनावर विकला जातो आणि आळीतल्या कुणालाही मिळत नाही. हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण त्या बॉयलरच्या पगारावरच माझं घर उभं राहिलं.

२०२१च्या जुलैत माझ्याकडे पेलेटचं एक पोतं होतं, एका विक्रेत्यानं नमुना म्हणून दिलेलं. पडवीत ठेवलं होतं. २२ तारखेला पाणी चढायला लागलं. आम्ही वरच्या मजल्यावर गेलो. पाणी ओसरल्यावर खाली आलो तेव्हा चिखलात ते पोतं फुगून फाटलं होतं आणि भुशाची लापशी भिंतीवर कंबरेच्या उंचीपर्यंत चिकटली होती. गॅसची सिलिंडरं वाहून गेली होती. आळीत कोरडं असं जळण फक्त एका घरात निघालं, माळ्यावर रचून ठेवलेली जुनी फाटी आणि करवंट्या. दोन दिवस त्या एका चुलीवर आम्ही पाच घरांनी चहा आणि खिचडी केली. त्याच २२ तारखेला आमच्याच तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यात साखर-सुतारवाडी आणि केवनाळे इथेही दरडी कोसळल्या. डोंगराकडे किती टन माल निघेल म्हणून बघणारी भाषा मला तेव्हापासून सहन होत नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाचं धोरण आलं, औष्णिक वीज केंद्रांनी दगडी कोळशात पाच टक्के पेलेट मिसळावेत असं. एवढी मागणी आली की दलाल डोंगरापर्यंत पोचणारच, आणि पोचू लागले आहेत. मी विरोधात नाही. आमच्या माळांवर पावसानंतर पुरुषभर गवत उभं राहतं आणि फाल्गुनात वणव्यानं व्यर्थ जळतं. त्या वणव्यात पक्ष्यांची घरटी, कोवळी रोपं, कधी कुणाची काजूची बाग जाते. ते गवत कापून त्याची कांडी झाली तर वणवा थांबेल. गिरणीचं तूस आहे, आंबा-काजूची छाटणी आहे. एवढ्यावर एक लहान कारखाना नक्की चालेल, आणि त्याच्यासाठी उभं झाड तोडायची गरज नाही.

म्हणून जे कुणी महाड-पोलादपुरात हा धंदा काढतील, त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. राबाची कवळ मागू नका, ती भाताची आहे. उचल देऊन माणसं बांधू नका. आणि काटा कारखान्याच्या फाटकावर लावू नका, वाडीत लावा. जिनं गवत कापलं तिच्या डोळ्यांसमोर ते तोला, ओल किती धरली ते तिला सांगा आणि किलोचे पैसे त्याच दिवशी तिच्याच हातात द्या. तराजूची अडचण असेल तर बाबांचा तराजू माझ्याकडे आहे. साखळ्या मी दर दसऱ्याला तेल देऊन ठेवतो. काटा सरळ आहे, शंभर किलोपर्यंत बिनचूक तोलतो. ज्या वाडीला लागेल तिनं तो घेऊन जावा.